खेकड्याचं पिवळं

पारूबाई खेकडे करायला बसली की घरातले सगळे आवाज तिच्या हाताखाली येत. आधी नांग्या मोडल्याची कडकड, मग पाट्यावर वरवंट्याखाली पाय ठेचले जातानाचा ओलसर, दाणेदार आवाज, आणि शेवटी पाठीची कवची उचकटताना होणारा बारीकसा सुस्कारा, जणू कुणी फार दिवस धरून ठेवलेला श्वास सोडला. ठेचलेल्या पायांचा रस ती धुवट फडक्यातून गाळून घेई. त्याचाच रस्सा व्हायचा. पण कवचीच्या आत, पोटाशी जे पिवळे असते, लोण्याहून दाट आणि हळदीहून फिके, ते मात्र ती रश्श्यात पडू देत नसे. चमच्याच्या दांडीने निपटून ती ते एका लहान वाटीत काढी आणि वाटी चुलीच्या उबेला झाकून ठेवी.

ते पिवळे पोटुशीचे. मोहतळीत हा नेम कुणी घालून दिला ते कुणाला सांगता आले नसते. घरात पोटुशी नसेल तर ते बाळंतिणीचे, तीही नसेल तर शेजारची कुणी असेल तिचे. घरधन्याने त्याला बोट लावले तर बायका त्याची वर्षभर टिंगल करीत.

"त्यानं लेकराची हाडं दगडावानी व्हत्यात," पारूबाई म्हणे.

विशाखाचा सातवा महिना सरत आला होता. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून तिच्या नवऱ्याने, सुगतने, तिला उदगीरहून स्वतः आणून सोडले होते. तो तिथे बँकेत होता. मुक्कामाला राहता आले नाही म्हणून हळहळत परत गेला होता. तेव्हापासून ती वाटी दर दोन-तीन दिवसांनी तिच्यापुढे येत होती, आणि ती खात होती. आईचे मन राखायला नव्हे, आवडीने. पावसाळा उताराला लागला होता, ओढा गढूळपणा टाकून पुन्हा काचेसारखा झाला होता, आणि खेकडे कधी नव्हे इतके मिळत होते.

इस्लापूरपासून आडवाटेला, सागाच्या टेकड्यांच्या कुशीत मोहतळी वसलेली. गावाच्या उशाला गुळणीचा ओढा आणि ओढ्याच्या उशाला टेकडीवर एक जुनी जस्ताची खाण. ती कित्येक वर्षे बंद होती. तिचा खड्डा पाण्याने भरून हिरवट डोळ्यासारखा आभाळाकडे बघत पडला होता. मागच्या साली कुणीतरी ठेका घेतला, पंप बसवला आणि खड्ड्यातले पाणी ओढ्यात सोडायला सुरुवात केली. गाव घाबरले. लोकांनी मासे सोडले, खेकडे सोडले, गुरे वरच्या झऱ्यावर नेली. तेव्हा विशाखा नांदेडला ओढ्याकाठच्या आठ पायांच्या कोळ्यांवर संशोधन करत होती. तिने बाटल्या भरून नेल्या, पाणी तपासून आणले, आणि ग्रामसभेत उभी राहून सांगितले, "पाणी चांगलं आहे. घाबरू नका."

एवढेच. पुढे-मागे एकही शब्द नाही. बौद्धवाड्यातल्या मुलीने सभेत उभे राहून बोलावे आणि साऱ्या गावाने मान डोलवावी, असे मोहतळीत आधी झाले नव्हते. पारूबाई त्या दिवशी परतताना मुद्दाम पाटलाच्या गल्लीने आली होती. पुढच्या हप्त्यात विशाखाचा धाकटा भाऊ संघपाल त्याच पंपावर कामाला लागला, आणि गावाच्या चुलींवर ओढा परत शिजू लागला.

त्या दुपारी पारूबाईचे ठेचणे चालू असतानाच विशाखाचा फोन दोनदा वाजून बंद पडला. घरात रेंज टिकत नसे. ओढ्याकाठच्या काळ्या खडकावर उभे राहिले तरच माणसाचा आवाज सलग येई. पडद्यावर रेणुकादास सरांचे नाव पाहून ती पाय सांभाळत खडकावर गेली. सर तिचे मार्गदर्शक. निष्कारण फोन करणाऱ्यांतले नव्हते.

"बसली आहेस का उभी आहेस?" त्यांनी विचारले.

"उभी आहे, सर. बसलं की रेंज जाते इथे."

"मग उभीच राहा." ते हसले, पण हसणे अर्ध्यावर थांबले. "तुझ्या कोळ्यांचे आकडे आले. मला वाटलं, यंत्र बिघडलं. पुन्हा लावायला सांगितले. तेच आले."

"किती, सर?"

"कॅडमियम आहे. शिसं आहे. पाण्यात जे औषधालाही सापडत नव्हतं, ते कोळ्यांच्या अंगात गच्च भरलेलं आहे."

"पण पाणी तर..."

"पाणी स्वच्छच असणार गं. पाण्यानं ते स्वतःजवळ ठेवलंय कुठे? गाळाला दिलं. गाळातून शेवाळाला, शेवाळातून अळ्यांना. अळीला पंख फुटले, ते उडालं आणि कोळ्याच्या जाळ्यात येऊन पडलं. आपण ओढ्याची झडती घेत होतो, आणि चोर केव्हाच काठावर चढून बसला होता."

विशाखाने समोर पाहिले. करंजाच्या झुकलेल्या फांदीवर पाण्याच्या अगदी वर जाळी टांगलेली होती. उन्हात त्यांचे धागे दिसत, विझत, पुन्हा दिसत. एका जाळ्याच्या मधोमध लांब पायांचा कोळी अंग ताणून काडीसारखा पडून होता. तिने असे शेकडो कोळी हळुवारपणे कुपीत घेतले होते. आज तिला वाटले, तोच तिच्याकडे बघतो आहे, ओळखीच्या माणसाकडे बघावे तसा.

"आणि हे फक्त कोळ्यांचं," सर सांगत होते. "जे गाळातच राहतं, गाळच खातं, शिंपले, खेकडे, त्यांच्यात तर साठा असणार. खेकड्याच्या पोटातला तो पिवळा भाग असतो ना, ते त्याचं यकृत धर. सगळं तिथे जाऊन बसतं." ते थांबले. मग सहज, काळजीपेक्षा सवयीने, त्यांनी विचारले, "तू तिकडचं काही खात नाहीस ना? या दिवसांत?"

"नाही, सर."

ते उत्तर तिच्या आधी तोंडाबाहेर पडले. ती खोटे बोलली, हे तिला फोन ठेवल्यावर कळले.

ती खडकावरून उतरली, आणि भीती तिच्याबरोबर उतरली. भीती अंगावर येते असे तिने वाचले होते. ही अंगातून आली. प्रबंधात ती बाण काढीत असे. गाळाकडून अळीकडे एक बाण, अळीकडून कोळ्याकडे दुसरा, कोळ्याकडून पाखराकडे तिसरा. शेवटच्या बाणापुढे ती नेहमी जागा कोरी सोडी, कारण तिथे कोण आहे ते अजून तपासायचे असे. आता तो बाण तिच्या तोंडातून आत शिरला होता आणि आतही थांबला नव्हता. आत आणखी एक काठ होता. तिथे कुणीतरी डोळे मिटून, कशाचीही शंका न घेता, तिच्यातून जे येईल ते घेत होते.

चालताना तिला स्वतःच्या पोटाकडे बघवेना. तिने ओढणी पोटावरून घट्ट ओढून घेतली, जणू असे झाकल्याने काही अडणार होते.

"आलीस? हात धू," पारूबाई म्हणाली. "निवून राहिलंय सगळं."

पाटावर ताट तयार होते. ज्वारीची भाकर, काळ्या मसाल्याचा रस्सा आणि कडेला ती वाटी.

"माय, आज नको."

"काहून? मळमळून राहिलं का?"

"हाव."

"मळमळलं तरी ह्ये जातंय. ह्ये काय जेवण हाय? औषध हाय." पारूबाईने वाटी पुढे सरकवली, मग जराशी ओशाळली. "आज कमी दिसतंय, व्हय? निम्मं चांगुणाला धाडलं बघ."

विशाखाने ताट मागे सारले. "कुणाला?"

"चांगुणाला गं, नरसिंगच्या बायकुला. तिला दूध उतरंना. सासू आडवी पडली व्हती, 'खाणीचं पाणी, खाणीचं पाणी' करून. म्या म्हणलं, म्हातारे, माही लेक डाक्टर व्हऊन राहिली. कोळ्या-किड्यांची का असंना! तिनं भर सभेत सांगितलंय आन् तुला काय जास्त कळतंय? मंग बसली गप."

"कधीपासून देतीस?"

"ती बाळंत झाली तवापासून. जवा जवा खेकडे येत्यात तवा." पारूबाईने मान वर केली. "आगं, अशी काय बघून राहिली? तुह्या वाटचं न्हाई दिलं. तुह्यासाठी ठिवलं की."

विशाखा भिंतीला धरून उठली आणि चपला न घालताच बाहेर पडली.

चांगुणाचे घर एका गल्लीपलीकडे. दार उघडे होते. आत, खांबाला टेकून, मांडीवर बाळ घेऊन चांगुणा जेवत होती. वाटी केव्हाच रिकामी झाली होती आणि भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने ती वाटीचा तळ पुसून घेत होती. पदराआड बाळ दूध पीत होते. विशाखाने तिचा हात धरला.

"आवं ताई, भाकर हाय ती माही!" चांगुणा हसली. "तुमच्या घरी सरल्या का भाकरी?"

"टाक ते. चांगुणा, टाक आधी."

चांगुणाने तिचा चेहरा पाहिला आणि तुकडा ठेवला. विशाखाने सांगायला सुरुवात केली. जे सभेत तिने चार शब्दांत सांगितले होते, त्याला आता वाक्ये पुरेनात. ती गाळाबद्दल बोलली, किड्यांबद्दल बोलली, पिवळ्याबद्दल बोलली. चांगुणाचे डोळे तिच्या ओठांवर होते, पण कुठल्या तरी एका शब्दापाशी ते थांबले आणि पुढे आलेच नाहीत.

"पाणी चांगलं हाय म्हणलात तुमी."

"पाणी चांगलंच आहे."

"मंग?"

"पाण्यात होतं ते सगळं खेकड्यात गेलंय."

"म्हंजी पाणी चांगलं आन् पाण्यातलं वंगाळ? असं कुठं असतंय का, ताई?"

चांगुणाने पदराआड पाहिले. तिचा चेहरा हळूहळू बदलला. आधी कपाळ, मग हनुवटी. तिने बोट घालून बाळाचे तोंड छातीवरून सोडवले. बाळाला क्षणभर कळलेच नाही. त्याचे ओठ हवेतच हलत राहिले. मग ते किंचाळले.

"मंग ह्याला पाजू का नको?"

विशाखाला माहीत नव्हते. इतकी वर्षे शिकून, इतके कोळी मोजून, या एका प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नव्हते, आणि तोच एकटा प्रश्न त्या खोलीत होता. बाळ लाल होत गेले. त्याच्या मुठी आवळल्या गेल्या.

"ताई, सांगा की! पाजू का नको?"

"थांब. आले मी. पाजू नको. नाही... थांब. विचारून येते."

ती पुन्हा खडकाकडे गेली. पळता येत नव्हते आणि चालणे पुरत नव्हते. मागे बाळाचे रडणे गल्ली ओलांडून येत राहिले. ओढ्याच्या खळखळीत मिसळले तरी विरले नाही. खडकावर तिने फोन कानाला लावला तेव्हा स्वतःच्या श्वासामुळे तिला पलीकडची घंटा ऐकू येईना.

"सर, मी खोटं बोलले मघाशी. मी खाते. आल्यापासून खाते. तेच, पिवळं. आणि इथे एक बाळंतीण आहे, तीही. माझ्या शब्दावर खाल्लंय तिनं. तिचं लेकरू अंगावर पितंय, ते तोडायचं का?"

पलीकडे सरांचा आवाज आला, पण तो तिच्याशी बोलत नव्हता. "कुसुम, जरा इकडे ये. लवकर."

कुसुमताई सरांच्या पत्नी. नांदेडात बायकांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी एकेक गोष्ट विचारली, न रागावता, न धीर देता. किती दिवस, किती, बाळाचे वजन, आणखी काय खाते.

"ऐक," शेवटी त्या म्हणाल्या. "खेकडे या क्षणापासून बंद. दोघींचेही. दूध तोडू नका. आईच्या अंगातलं सगळंच्या सगळं दुधात उतरत नाही. बहुधा फार थोडं येतं. दूध तोडून त्या बाळाला तिथे काय द्याल? त्यानं नुकसान जास्त. उद्या सकाळी दोघी माझ्याकडे या. रक्त बघू."

"आणि माझं? आत जे आहे ते?"

"रक्त बघू, विशाखा."

"बाई, मला खरं सांगा."

"मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं," कुसुमताई म्हणाल्या. आवाज जरासा उतरला. "ठाऊक नाही तेच सांगतेय."

परत जाऊन तिने चांगुणाला दारातूनच सांगितले, पाज. आतले रडणे थांबल्यावर ती घराकडे वळली.

पारूबाई पाटावर तशीच बसून होती. विशाखाने तिला सगळे सांगितले, चांगुणाला सांगितले त्याहून सोपे करून. सांगून झाल्यावर पारूबाई म्हणाली, "तुह्या वेळी म्या ह्येच खाल्लं. घरात दाणा नव्हता. ह्या ओढ्यानं जगवलं तुला."

"तेव्हा पंप नव्हता, माय."

"माह्या मायनं खाल्लं. तिच्या मायनं खाल्लं."

"माय, ऐक तर."

"म्हंजी म्या इख घातलं व्हय गं लेकीला? माह्या हातानं?" असे म्हणून पारूबाईने ती वाटी उचलली, दोन बोटांनी सगळे पिवळे एकदम काढून तोंडात घातले आणि गिळले. "बघ. काय झालं मला? बघ की!"

विशाखाच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिला स्वतःचा वाटला नाही. ती आईच्या हातावर झेपावली, पण वाटी रिकामी होती. पारूबाईच्या ओठाच्या कडेला पिवळा ठिपका राहिला होता. तिच्या डोळ्यांत जिद्द होती आणि त्या जिद्दीखाली, फार खाली, काहीतरी हलले होते.

तेवढ्यात दारात फटफटी थांबली. संघपाल आत आला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, हातात प्लॅस्टिकचे पोते.

"अक्का, आज तर लईच घावले!" त्याने पोते भिंतीशी टेकवले. "तळहाताएवढाले. पंपाच्या तोंडाशीच पडून व्हते."

"आज नको," विशाखा म्हणाली.

"नको काय? धरायचा तरास बी न्हाई. पळतच न्हाईत ना ते तिथं. हात घातला की घावतात. पंपावरचा मलप्पा म्हणतो, खाऊन खाऊन माजलेत, सरकारी नोकरावानी."

तो एकटाच हसला. पारूबाईचा हात ओठाकडे जाता जाता थांबला.

"पळत न्हाईत?" तिने विचारले.

"न्हाई ना."

"बिळात शिरत न्हाईत? नांगी उगारत न्हाईत?"

"जरा हालवतात. माय, तू काहून एवढं इचारून राहिली?"

पारूबाई उठली. पोत्यापाशी जाऊन तिने त्याचे तोंड उघडले आणि एक मोठा खेकडा जमिनीवर सोडला. तो उताणा पडला. ओढ्याचा खेकडा उताणा पडला तर घर डोक्यावर घेतो, हे त्या घरातल्या तिघांनाही लहानपणापासून माहीत होते. हा पडून राहिला. त्याचे पाय एकेक करून वर उचलले गेले आणि पुन्हा मिटले, झोपेत कुणी बोटे मोजावीत तसे. पारूबाईने त्याच्यापुढे बोट नेले. त्याने नांगी उघडली, पण मिटायचे विसरला.

पारूबाईने पदराने ओठ पुसले, एकदा, दोनदा, मग पुसतच राहिली. विशाखाच्या बाणांनी जे झाले नव्हते ते त्या उघड्या नांगीने केले.

"काय झालं? सांगंल का कुणी?" संघपाल ओरडला.

सांगितल्यावर त्याने आपल्या पायांवरच्या चिखलाकडे पाहिले. मग म्हणाला, "अक्का, तू सभेत बोललीस म्हणून पंप चालू राहिला. आता तूच उलटं बोलणार. लोक मला काय म्हणतील? मुकादम तर उद्याच हाकलून दिल."

"हाकलू दे."

"तुहं बरंय. तू उदगीरला जाशील. आमी हितंच हाव."

"माझ्या पोटात आहे ते, संघपाल," ती म्हणाली. "उदगीरला गेले म्हणून ते सुटणार आहे का?"

संघपालने खेकड्याला पाठीकडून उचलून पोत्यात टाकले आणि पोते घेऊन दाराकडे निघाला.

"कुठं टाकतोस?" विशाखाने विचारले.

"ओढ्यात."

"ओढ्यात नको."

"मंग उकिरड्यावर."

"कुत्री खातील. कोंबड्या खातील. कोंबड्यांची अंडी आपण खातो."

तो उंबऱ्यावर पोते धरून उभा राहिला. पोत्यात आतल्या आत खरखर होत होती, मंद, बेताल. तिघेही त्या पोत्याकडे बघत होती आणि तिघांनाही एकाच वेळी उमगले की या जगात ते ठेवायला जागा नाही; जिथे ठेवावे तिथून कुणाचे तरी तोंड ते उचलून पुढे नेणार. शेवटी पारूबाईनेच कुदळ काढली. परसात, लिंबाच्या पलीकडे, कमरेइतका खड्डा खणून त्यांनी ते पोते चुन्याखाली पुरले आणि वर दगड रचले. कोंबड्या माती उकरायला धावत आल्या. पारूबाई त्यांच्यावर काठी घेऊन धावली, तोंडाने हाडहुड करत, रडत.

दिवस मावळायच्या आत विशाखा दारोदार गेली. सभेतले चार शब्द तिला एकेका उंबऱ्यावरून उचलून घ्यावे लागले. कुणी ऐकून घेतले, कुणी दार लोटले. नरसिंगच्या आईने तिला बसायला सांगितले नाही, शिवीही दिली नाही. म्हातारी तिच्या पोटाकडे बघून नुसती मान हलवत राहिली, आणि ते शिवीपेक्षा वाईट होते. पारूबाई प्रत्येक दाराशी तिच्याबरोबर उभी होती. एकाही दारावरून ती मागे हटली नाही.

सकाळी इस्लापूरहून नांदेडची एसटी धरली तेव्हा धुके अजून विरले नव्हते. चांगुणा खिडकीशी, मांडीवर दुपट्यात बाळ; तिच्या शेजारी विशाखा. नरसिंग उभ्याने दांडीला धरून, त्यांच्याकडे पाठ करून. घरून निघाल्यापासून चांगुणा तिच्याशी बोलली नव्हती. हिमायतनगर मागे पडले. गाडी कापसाच्या रानांतून चालली होती, आणि विशाखा प्रत्येक पुलाखाली बघत होती. प्रत्येक नाल्यात पाणी चमकत होते, नितळ, निरागस, तळाचा खडान् खडा दाखवणारे. इतके नितळ की तिला त्याच्याकडे बघवेना. काठाकाठाने झुडपे होती, झुडपांवर दवाने भरलेली जाळी होती. कुणाच्या उशाला काय आहे, कुणी तपासले आहे? तिने डोळे मिटले, तर मिटलेल्या पापण्यांच्या आतही पाणीच वाहत होते.

भोकरच्या अलीकडे बाळ उठले. आधी कुरकुर, मग तोंड शोधू लागले. मान इकडून तिकडे, ओठ उघडे. चांगुणाने त्याला थोपटले, हलवले, बोट दिले. त्याने बोट थुंकून दिले आणि रडायला लागले. मागच्या बाकावरची कुणी म्हातारी म्हणाली, "आगं, भूक लागली त्याला. घे की पदराखाली."

चांगुणाने विशाखाकडे पाहिले. रात्रभर ती पाजत आली असणार. पण अंधारात घरी पाजणे वेगळे आणि इथे, दवाखान्याच्या वाटेवर, जिने सांगितले तिच्या शेजारी बसून पाजणे वेगळे.

"पाजू?" तिने विचारले.

विशाखाच्या तोंडात तोच सभेतला शब्द तयार होता, गुळगुळीत, पूर्ण. ती तो बोलली असती तर चांगुणाला एक क्षण बरे वाटले असते.

"डॉक्टरीणबाई म्हणतात, पाज," ती म्हणाली. "त्यांना वाटतं, दुधात थोडंच येत असेल. पण रक्त बघितल्याशिवाय त्यांना नक्की सांगता येत नाही. मलाही येत नाही, चांगुणा. मला माहीत नाही."

चांगुणाचे डोळे तिच्यावरून हलले नाहीत. त्यांत राग होता का, ते विशाखाला वाचता येईना. मग चांगुणाने बाहेर पाहिले, बराच वेळ, पिवळ्या उन्हात उघडत चाललेल्या रानाकडे. बाळ रडून रडून उचक्या देऊ लागले. नरसिंगने एकदा मान वळवली आणि पुन्हा फिरवली.

चांगुणाने अंग चोरून खिडकीकडे वळत पदर ओढून घेतला. रडणे एकदम तुटले. गाडीच्या घरघरीखाली, अगदी जवळून, विशाखाला बाळाच्या गिळण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. एकामागून एक घोट. ती प्रत्येक घोट ऐकत बसली.